आहुतीत पडलेले बोल

कृतयुग सरत आलं होतं, पण माणसाचा शब्द अजून जड होता. तोंडातून निघाला की तो वाऱ्यावर विरून जात नसे. कुठंतरी जाऊन पडे, आणि पडेल तिथे रुजे. त्या काळी पयोष्णी नदीच्या काठी, पळस आणि खैराच्या दाट रानात, मौंजायन नावाच्या ऋषींचा आश्रम होता. पर्णकुटीपुढे अग्निकुंड होतं. त्यातला अग्नी मौंजायनांच्या पणजोबांनी अरणीची लाकडं घासून प्रकट केलेला. तेव्हापासून एक दिवसही तो विझला नव्हता.

मौंजायन आणि त्यांची पत्नी अनुव्रता यांना अठरा वर्षं मूल नव्हतं. अठरा वर्षं त्यांनी त्याच अग्नीत प्रजापतीला आहुती दिली, आणि एकोणिसाव्या वर्षी मुलगी झाली. जन्मतःच ती एवढी चिवचिवली की तिचं नाव कलविंका, म्हणजे चिमणी, असं ठेवलं. चार वर्षांनी पाठीवर मुलगा झाला. तो अजून झोळीत होता.

पण मागून घेतलेलं मूल घरभर वावरू लागलं, की मागताना मनात होतं तसं ते नसतं. कलविंका दर्भाच्या जुड्या सोडून त्यांच्या बाहुल्या करी. नैवेद्याच्या खिरीत तिचं बोट आधी आणि तुळशीचं पान मागून. वडील संध्येला डोळे मिटून बसले की ती मांडीवर चढे, दोन बोटांनी त्यांची पापणी उघडे आणि विचारी, "तात, आत ताय दिसतं?" तिला क म्हणता येत नसे, त्याचा त होई; आणि र तर मुळीच येत नसे, त्याचा ल होई.

"अनुव्रते, उचल हिला," मौंजायन म्हणत.

"अहो, लहान आहे ती."

"चार वर्षांची आहे. या वयात मला सगळं पुरुषसूक्त पाठ होतं."

"हो. आणि सासूबाई सांगायच्या, सूक्त म्हणता म्हणता अंथरूण ओलं व्हायचं."

मौंजायन पुन्हा डोळे मिटत. ते दुष्ट नव्हते. फक्त त्यांना शांतता फार आवडे.

आता झालं ते असं. आहुती देण्याची खैराची लाकडी पळी असते. ती तुपानं भरून उचलली, की तूप अग्नीत पडेपर्यंत मंत्राखेरीज दुसरं काही बोलायचं नाही, असा नियम आहे. कारण पळी हातात असताना ज्याचं नाव घ्याल, ते तुपाबरोबर अग्नीला जातं. मग 'इदं न मम', हे माझं नव्हे, असं म्हटलं की त्यावरचा आपला हक्क संपला.

एका सकाळी मौंजायनांनी पहिली आहुती दिली, आणि दुसरीसाठी पळी भरणार तोच कलविंकेनं वाकून तिच्या टोकाला जीभ लावली. त्यांच्या ते लक्षात आलं पळी भरून उचलल्यावर. तोवर ती गळ्यात पडून विचारत होती, "तात, मला? मला नाही? अग्नीलाच ताय म्हणून?" झोळीतलं बाळ तिच्या आवाजानं खिदळत होतं. मौंजायनांचा तोल गेला.

"हिचा हा कलकलाट..." ते ओरडले. हात हलला, तूप सांडलं, आणि साठ वर्षांच्या सवयीनं जीभ पुढचं म्हणून गेली, "स्वाहा. इदं न मम."

ज्वाळा एकदा निळी झाली. मौंजायनांनी ते पाहिलं नाही. त्यांनी उष्टी झालेली पळी रागानं छपराच्या गवतात खोचून टाकली, नवी घेतली आणि विधी पुरा केला. तो पुरा होईपर्यंत कुणी मधे बोललं नाही. त्यांना बरं वाटलं.

त्या दिवशी कलविंका अगदी शहाण्यासारखी वागली. मांडी घालून बसली. अनुव्रतेला वाटलं, बोलणी बसली म्हणून रुसली असेल. संध्याकाळी मुलीच्या हातून तांब्या पडला आणि दगडावर गडगडत गेला, पण त्याचा आवाज झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ती पाचोळ्यावरून चालली तरी पाचोळा वाजला नाही. गाय दारात उभी होती. मुलगी तिच्या पोटाखालून गेली, पण गाईनं कान हलवला नाही. "काही दुखतंय का गं?" आईनं जवळ घेऊन विचारलं. मुलीनं तोंड उघडलं. आत जीभ हलताना दिसली. नुसतीच हलली.

आणि बाळ हसत होतं. त्या बाळाला बहिणीच्या आवाजाखेरीज कशानंही हसू येत नसे. आता ते बहिणीकडे वळूनही पाहत नव्हतं. मान मुरडून मुरडून अग्निकुंडाकडे पाहायचं आणि कुणी गुदगुल्या केल्यासारखं हसायचं.

तिसऱ्या दिवशी, दिवस कलताना, अनुव्रतेनं जेवणाची पानं मांडली. एक नवऱ्याचं, एक आपलं. मग तिला वाटलं, काहीतरी चुकलंय. तिनं पुन्हा मोजली. दोन. बाळ तर अंगावर पिणारं. मग कोपऱ्यातला हा छोटा पाट कुणाचा? ती त्या पाटाकडे बराच वेळ बघत राहिली. पाटावर खिरीचा वाळका ठसा होता, चिमुकल्या बोटाचा. तिला रडू आलं, पण कुणासाठी ते आठवेना.

तेवढ्यात बाहेर कुंडातून कुणीतरी म्हणालं, "तात, मला? मला नाही?"

तो आवाज ऐकताच आपल्याला मुलगी आहे हे अनुव्रतेला आठवलं, आणि ती धावत बाहेर आली. मौंजायन कुंडापुढे बसले होते, हातातली समिधा खाली पडली होती.

"अहो, काय केलंत तुम्ही? खरं सांगा."

त्यांनी सांगितलं. खाली मान घालून, एकही शब्द न चोरता सांगितलं. अनुव्रता कुंडाजवळ गेली आणि हात जोडून म्हणाली, "हे हुताशना, हे हव्यवाहा, अठरा वर्षं तुला तूप घालून आम्ही जे मागितलं, तेच तू परत घेतलंस?"

ज्वाळा उंच झाली. आतून जो आवाज आला तो बोबडा होता, पण त्यातले शब्द लहान मुलाचे नव्हते.

"मी अग्नी आहे. मी घेत नाही, मला देतात. याने तलतलाट दिला. लेतलाचा प्राण तलतलाटातच असतो. आज सूल्य बुडेल तेव्हा मी उललेलं घेईन."

आपल्याच लेकराच्या बोबड्या बोलात ते ऐकून मौंजायनांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मग हात काढले आणि म्हणाले, "देवा, माझी वाणी घे. साठ वर्षांचे मंत्र घे. तिचं तिला दे."

"माझ्या मुखात आलं ते पलत जात नाही."

सूर्य पळसाच्या शेंड्याला टेकला होता. अनुव्रता नवऱ्याकडे वळली. "पळी कुठाय?"

"कुठली?"

"तिनं चाटलेली! त्या सकाळची." आणि ती पुन्हा कुंडाकडे वळून बोलली. "देवा, पळीतलं सगळंच तूप कधी तुला मिळत नाही. तळाशी थोडं उरतं. ते हुतशेष. ते कुणाचं?"

अग्नीची ज्वाळा थोडी खाली आली. "घलच्यांचं," तो म्हणाला.

"आमच्या घरात ते तिचं. हे पाठ फिरवून उठले की रोज मी तिला पळी चाटायला देत होते. चार वर्षं देतेय. त्या दिवशीचं तेवढं तिला मिळालेलं नाही."

मौंजायन छपराचं गवत ओरबाडत होते. पळी सापडली. तीन दिवस ती गवतात होती, पण तिला मुंगी लागली नव्हती. तळाशी तुपाचा एक थेंब होता, अजून पातळ.

पण द्यायची कुणाला? अंगणात कुणी दिसेना. हाक मारावी तर नाव आठवेना. अनुव्रता हवेत हात फिरवत वेड्यासारखी अंगणभर फिरली. शेवटी तिचं लक्ष झोळीकडे गेलं. बाळाची मूठ घट्ट मिटलेली होती, आणि मुठीतून काळ्या केसांची एक बट खाली लोंबत होती. बट जिथं संपत होती तिथं काहीच नव्हतं. झोळीशी बसलेल्या बहिणीची वेणी ओढायची त्याला सवय होती; त्यानं ती सोडली नव्हती.

अनुव्रतेनं त्या बटेच्या खाली चाचपलं. गार कपाळ लागलं, नाक लागलं, ओठ लागले. तिनं थेंब त्या ओठांवर टेकवला. सूर्याची कड पाण्याखाली गेली.

पाचोळा वाजला. गाईनं कान हलवला. कलविंका झोळीपाशी बसली होती, केस ओढल्यामुळे तोंड वाकडं करून.

अनुव्रतेनं तिला एवढं घट्ट धरलं की पोर गुदमरली. मग ती मुलीला कडेवर घेऊन कुंडासमोर उभी राहिली. "देवा, एक वर दे. आया चुलीपुढे भाजतात, पोरं पदराला ओढतात, तेव्हा तोंडातून काय काय जातं. बापांच्याही जातं. रागानं पोराबद्दल बोललेलं तू यापुढे ऐकू नकोस."

"तथास्तु," अग्नी म्हणाला.

म्हणूनच आजही कावलेली आई चुलीपुढे बसून "मेल्या, गप बस, कुठं उलथायचं तिथं उलथ" म्हणते, विस्तव समोर धगधगत असतो, आणि मूल सुखरूप राहतं.

मौंजायन पुढे आले. त्यांनी मुलीला आपल्याकडे घेतलं. ती त्यांच्या ओल्या दाढीत बोटं घालून पाहू लागली आणि म्हणाली, "तात, हे काय?"

स्वच्छ म्हणाली. क म्हणाली.

मौंजायन थांबले. "पुन्हा म्हण," ते म्हणाले.

"हे काय? रडता कशाला?"

थेंबात उरलं होतं तेवढं परत आलं होतं. बाकीचं अग्नीनं गिळलं होतं, आणि त्याच्या मुखात गेलेलं परत येत नाही. तिचे बोबडे बोल चार वर्षं घरभर सांडत होते. ते वडिलांनी धड एक दिवसही बसून ऐकले नव्हते.

त्यानंतर मौंजायनांच्या आश्रमात अग्निहोत्र संपलं की पळीतला शेष आधी मुलांच्या जिभेवर जाऊ लागला. शिष्य उठून जात. ऋषी मात्र उठत नसत. निखाऱ्यावर राख चढेपर्यंत कान कुंडाकडे लावून बसत. कधी ओलं लाकूड तडतडे आणि त्यांचा चेहरा एकदम उजळे.

कलविंका मोठी झाली, तिला मुलं झाली, ते सारे काळाच्या उदरात गेले. ते बोल मात्र अजून अग्नीपाशीच आहेत. मोठ्यांना ते ऐकू येत नाहीत. पण दिवेलागणीला घरात दिवा लावला, की मांडीवरचं तान्हं पोर मान मुरडून ज्योतीकडे बघतं, कान देतं, आणि आपल्यापैकी कुणीही काही बोललेलं नसताना, हसतं.