आठ संगणकांचा मुकादम

माणदेशातल्या एका खेड्यात एक भोळा संख्यापंडित राहत होता. भोळा आपलं चारचौघांत म्हणायचं. खरं तर ठोंब्याच होता. नाव दौलत गळवे. पदवी होती, चौकटीत घालून भिंतीला लावलेली. डोक्यात जागा नव्हती म्हणून नव्हे. डोक्यात जागाच जागा होती.

गावातल्या डाळिंब संशोधन केंद्रात तो कामाला होता. डाळिंबावर तेल्या रोग आला की पानांवर, फळांवर तेलकट डाग पडतात आणि बाग हातची जाते. हणमंतनानांची निम्मी बाग मागच्या साली अशीच गेली होती. उरली होती चारशे झाडं. दहा दिवसांनी आभाळ भरून येणार होतं. त्याआधी कोणतं औषध, किती, कोणत्या दिवशी फवारायचं, हे वीस वर्षांच्या हवामानावरून काढायचं होतं. एका संगणकाला या हिशेबाला चार दिवस लागायचे. केंद्रात जुने-पुराणे आठ संगणक होते.

केंद्राच्या प्रमुख काळेल मॅडम म्हणाल्या, "दौलत, या जुन्या संगणकांवर तयार बॅकएंड चालत नाही. तू स्वतःचा लिही. बॅकएंड म्हणजे मुकादम. वरून काम आलं की मजुरांत वाटायचं. वाटलं की उत्तराची वाट बघत बसायचं नाही, पुढे जायचं. अर्ध्या दिवसात उत्तर हातात. लोकांना तयारीला आठवडा मिळेल."

दौलतने मुकादम लिहिला. त्याने कामं वाटली आणि तो पुढे गेला. इतका पुढे गेला की उत्तरं घ्यायला मागे फिरलाच नाही. संध्याकाळी अहवाल छापून आला. औषध: काम चालू आहे. प्रमाण: काम चालू आहे. दिवस: काम चालू आहे.

"हे काय रे?"

"मॅडम, तुम्ही सांगितलंत तस्संच केलं. वाट बघत बसलो नाही."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, उत्तर हातात पडल्याशिवाय जागचं हलायचं नाही!"

एवढं सांगून त्या जिल्ह्याच्या बैठकीला गेल्या. दौलतने नवा मुकादम लिहिला. पहिल्या संगणकाला काम दिलं, उत्तर येईपर्यंत बाकीच्या सातांना बसवून ठेवलं. मग दुसऱ्याला दिलं. तिसऱ्याची वायर उंदराने कुरतडली होती, तो बंदच होता. दौलत त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसला.

नाना चौकशीला आले. "झालं का रं?"

"उत्तर यायचंय."

"आरं, पर ह्यो तर बंद हाय!"

"म्हणून तर यायचंय."

चार दिवसांनी मॅडम परत आल्या, तेव्हा तो तिथेच डबा खात होता. "जागचा हललो नाही मॅडम," तो अभिमानाने म्हणाला.

मॅडमनी आधी वायर बदलून घेतली, मग तोंड सोडलं. "एकेकाला काय देतोस? सगळ्यांना एकदम दे! आठही जण राबले पाहिजेत!"

पालथ्या घड्यावर पाणी. दौलतने सगळ्यांना एकदम दिलं. आठही संगणकांना अख्खंच्या अख्खं काम दिलं. आठही चार दिवस राबले. आठांनीही तेच ते उत्तर काढलं. म्हणजे दौलत रजेवर असता, तर एकट्या संगणकाने हे काम पाच दिवस आधीच उरकलं असतं.

"एक उत्तर आठदा काढलंस?"

"तुम्ही सांगितलंत तस्संच केलं. सगळ्यांना एकदम."

आता मॅडमनी त्याला समोर उभं केलं आणि एकेक शब्द घोटवून घेतला. "सगळ्यांना तेच ते अख्खं द्यायचं नाही. आठ तुकडे करायचे. एकाला दिलेला तुकडा दुसऱ्याला द्यायचा नाही. सगळे तुकडे परत आले, क्रमाने लागले, की मगच म्हणायचं काम झालं. कळलं?"

"कळलं," दौलत म्हणाला. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.

निदान उत्तर तरी मिळालं होतं. मॅडमनी रातोरात बसून आठ पानांचा अहवाल केला, पानापानावर शिक्का मारला. शिक्क्याच्या कागदाशिवाय इथले लोक फवारणीचा पंप उचलत नसत. मोबाइलवरच्या सल्ल्याने त्यांनी दोनदा पानं जाळून घेतली होती. सकाळी पुन्हा जिल्ह्याला निघताना मॅडम म्हणाल्या, "हा अहवाल आठ गावांना पाठव. उद्या दुपारी आभाळ येणार. त्याआधी फवारणी झाली पाहिजे."

आठ गावं आणि आठ पानं. दौलतचे डोळे चमकले.

वडापच्या आठ जीपगाड्या आठ गावांना सुटल्या. प्रत्येकीत एकेक पान.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ गावांची आठ माणसं केंद्रावर धडकली. एकाकडे नुसतं मुखपृष्ठ होतं. एकाकडे आभारप्रदर्शन. एकाकडे शेवटचं पान, 'वरीलप्रमाणे काळजी घ्यावी' आणि खाली सही.

नाना ओरडले, "आरं, ह्यात 'दर लिटरला दोन ग्रॅम' हाय. पर कशाचं?"

दौलतचा चेहरा फुलला. त्याने आठही पानं काढून घेतली, क्रमाने लावली, टाचली. फाइल कपाटात ठेवली. कपाटाला कुलूप घातलं.

"मग फवारायचं काय?" नाना म्हणाले.

"ते अख्ख्या अहवालात आहे, नाना."

"मग अख्खा दे की मर्दा!"

"तेच तर द्यायचं नाही."

नानांनी त्याची कॉलर धरली. दौलतने किल्ली दातात धरली. हिसकाहिसकी दुपारपर्यंत चालली. आभाळ कधी भरलं, कोणाला कळलंच नाही.

पहिल्या सरीत भिजत मॅडम आत आल्या. "दौलत, अहवाल पोचला ना गावांना?"

दौलतने दातातली किल्ली काढली.

"पोचला मॅडम. आणि आठही तुकडे परत आले. एकसुद्धा बाहेर राहिला नाही. काम झालं!"