चार आसनं

"गणपूर्ती म्हणजे काय रे, हर्षल?"

विहारात बसलेल्या भन्ते नागितांनी विचारलं आणि हर्षल गावंडेला हसू आलं. सरपंच होऊन वर्ष झालं, वकिलीची पदवी भिंतीवर टांगलेली, तरी हा माणूस आपल्याला अजून आठवीच्या बाकावरच बसवतो, असं त्याला वाटलं.

वाटलं ते खरंच होतं. भिक्खू होऊन चीवर घेण्याआधी भन्ते याच गावच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. हर्षल त्यांचा सगळ्यांत तल्लख विद्यार्थी. तल्लख होता आणि ते त्याला पक्कं ठाऊकही होतं.

"सभा कायदेशीर ठरायला लागणारी कमीत कमी हजेरी." त्यानं घडाघडा म्हणून टाकलं.

"तेवढी नाही भरली तर?"

"सभा तहकूब."

"मग?"

"तहकूब सभा पुन्हा बोलवायची, सर... म्हणजे भन्तेजी. आणि त्या सभेला गणपूर्ती लागत नाही."

हे शेवटचं वाक्य त्यानं जरा चवीनं म्हटलं. त्याचा उद्याचा सगळा बेत त्याच वाक्यावर उभा होता.

उद्या विशेष ग्रामसभा होती. नाल्यापलीकडच्या टोलीतली, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीतली, अंगणवाडी बंद करून हमरस्त्याला नवी बांधायची, असा ठराव होता. निधी आलेला, नकाशा तयार. अडचण एकच, टोलीला ते नको होतं. टोलीतली गुंफाबाई एकदा उभी राहिली की तहसीलदारालाही घाम फोडणारी बाई. म्हणून हर्षलनं सभा ठेवली सकाळी दहाला. कापूस वेचणीचे दिवस, दहाला अख्खी टोली शेतात. सभा तहकूब होणार, दुपारी मूठभर माणसांत पुन्हा भरणार आणि ठराव बिनविरोध मंजूर होणार. सापही मरावा आणि काठीही मोडू नये.

"बेकायदेशीर काहीच नाही यात," तो म्हणाला.

"नाही," भन्ते म्हणाले.

"तुम्ही फक्त दुपारच्या सभेला येऊन बसा. तुम्ही समोर असलात की मागाहून कोणी बोट दाखवणार नाही."

भन्त्यांची नजर फरशीवर गेली.

आता कुठे हर्षलचं लक्ष विहाराच्या फरशीकडे गेलं. चार आसनं समोरासमोर अंथरलेली होती. एकावर भन्ते. तीन रिकामी.

"ही काहून टाकली, भन्तेजी?"

"पौर्णिमा आहे आज. भिक्खूंनी एकत्र बसून संघाचे नियम म्हणायचे असतात. चौघं लागतात."

"बाकीचे?"

"एक दवाखान्यात आहेत. एक पावसाळ्यातला वर्षावास संपल्यापासून दूर नागपूरकडे. तिसरे आले तर येतील."

"म्हणजे चौघं होणारच नाहीत."

"नाही होणार."

"तुम्हाला नियम पाठ नाहीत का?"

"पाठ आहेत."

"मग म्हणून टाका की! इथं कोण बघायला बसलंय?"

भन्ते त्याच्याकडे बघत राहिले. रागानं नाही. वर्गात एखाद्या पोराचं उत्तर अर्धवट राहिलं की ते असेच बघायचे, आणि उरलेलं उत्तर त्या पोरालाच शोधावं लागायचं.

मग ते उठले.

"तू ठराव घेऊन आलास ना? वाच."

"कोणापुढे?"

भन्त्यांनी समोरच्या रिकाम्या आसनाकडे हात केला. "ही गुंफाबाई." आणि पाण्याचं भांडं उचलून ते बाहेर हापशाकडे निघून गेले.

हर्षल एकटा राहिला. काय पोरखेळ आहे, असं मनात म्हणत त्यानं घसा खाकरला. भाषणाची सवय होतीच.

"नाल्यापलीकडील वस्तीतील अंगणवाडी बंद करून, सर्व बालकांच्या सोयीसाठी, ती मुख्य रस्त्यालगत..."

'सर्व बालकांच्या सोयीसाठी' हे शब्द त्यानं स्वतः घातले होते. कार्यालयात ते फार शोभले होते. इथं, त्या आसनाकडे बघून म्हणताना, जीभ अडखळली. टोलीतली पोरं नाला कसा ओलांडणार, हे गुंफाबाईनं त्याला एकदा रस्त्यातच विचारलं होतं. पूल पुढच्या वर्षी, असं तो म्हणाला होता. आणि मग गाडीला किक मारली होती.

त्यानं कसंबसं शेवटपर्यंत वाचलं.

"या ठरावाला कोणाची हरकत?"

ग्रामसभेत हा प्रश्न संपायच्या आत त्याची माणसं 'मंजूर, मंजूर' असा गलका करायची. इथं गलका करायला कोणी नव्हतं. प्रश्न तसाच राहिला...

खालच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायका एकमेकींना हाका मारत होत्या. त्या टोलीच्याच. त्यातली एक गुंफाबाई असणार. एवढ्या जवळ होती ती, आणि तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

हर्षलला लाज वाटली. 

भन्ते पाणी घेऊन परतले. "झाला मंजूर?"

हर्षलनं ठरावाच्या कागदाची घडी घातली.

"कोणी विरोध केला?"

"नाही."

"मग अडलं कुठं?"

"भन्तेजी..." त्याचा आवाज खाली आला. "सभा संध्याकाळी ठेवली तर अख्खी टोली येईल."

"येईल."

"गुंफाबाई उभी राहील."

"राहील."

"ठराव पडेल. माझा पहिलाच मोठा ठराव. निधी परत गेला तर गाव मलाच नावं ठेवेल. जे आज सरपंचसाहेब म्हणतात, तेच उद्या पारावर टिंगल करतील."

"करतील," भन्ते म्हणाले, आणि रिकाम्या आसनाची दुमडलेली कड त्यांनी नीट केली.

हर्षल बराच वेळ त्या हाताकडे बघत होता. किती पौर्णिमा असतील अशा? म्हाताऱ्यानं आसनं टाकायची, वाट बघायची, आणि कोणी आलं नाही तर तशीच गुंडाळून ठेवायची. कोणी बघत नसताना. त्याला एकाएकी या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, आणि पडायची छातीही झाली नाही.

त्यानं खिशातून फोन काढला.

"ग्रामसेवक, उद्याची सभा रद्द करा... हो, रद्द. नवी नोटीस काढा, नियमाप्रमाणे दिवस सोडून. वेळ संध्याकाळची, वेचणीवरून माणसं परतल्यावर... आणि दवंडी टोलीतही द्या. अहो, आधी टोलीतच द्या!"

पलीकडून ग्रामसेवक काहीतरी समजावत होते. हर्षलनं ऐकून घेतलं आणि तरी नाहीच म्हटलं. खरं सांगायचं तर निवडणूक जिंकायला त्याला एवढी हिंमत लागली नव्हती.

त्यानं फोन खिशात ठेवला. आठवीतला पोरगा बघतो तसं त्यानं वर बघितलं.

"आणि सर... हरलो तर?"

भन्ते आपल्या आसनावर बसले. तिसऱ्या भिक्खूंची वाट बघायला अजून थोडं ऊन शिल्लक होतं.

"माझे विद्यार्थी जिंकलेले मी पुष्कळ पाहिले, हर्षल. भरल्या सभेत हरलेला एकही पाहिला नाही. तेवढा एक मला दाखव."