डांबरावरचे पाय

“बसायचं कशाला, बुवा? शर्यत चाललीय.”

प्रफुल्ल ठेंगणे सायकलवरून उतरलाच नव्हता. एक पाय पॅडलवर, एक रस्त्यावर, बाटलीचा हात पुढे.

आमच्या मठाची पाणपोई वरोऱ्याच्या रस्त्याला लागून आहे. नियम एकच. खाली बसा, ओंजळ धरा, पोटभर प्या. उभ्याउभ्या पाणी नाही, मग आमदार का येईना. प्रफुल्लला हे ठाऊक होतं. दर गुरुवारी तो बुवांच्या पायाशी बसायचा.

“बाटली भरा न, बुवा. एकच जण पुढे आहे. दोन वर्षं दुसरा आलो. औंदा ढाल तुमच्या पायाशी ठेवीन म्हणून बोललोय.”

“मी मागितली?”

भर वैशाखात, टळटळीत दुपारी सायकलींची शर्यत ठेवणाऱ्यांना काय म्हणावं ते मला चांगलं येतं. मठात राहतो, म्हणून गप्प बसतो.

बुवांनी त्याच्या दंडाला हात लावला.

“घाम कुठाय?”

प्रफुल्ल हसला. “थांबला. मघाशी जीव जात होता, आता काही नाही. उलट हिव भरलंय. काटा बघा अंगावर. ऊन जिंकलं, बुवा. तुम्ही कसे दिवसभर पाणी वाटता, ऊन शिवत नाही तुम्हाला... तसंच. तुमचीच कृपा.”

मी रांजणापाशी उभा होतो. कपाळावर हात मारून घेतला. उन्हात हिव भरलं की माणूस सावलीत आडवा करायचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि हा म्हणे कृपा.

“उतर,” बुवा म्हणाले.

“तो लांब गेला असेल, बुवा.”

“उतर म्हटलं ना.”

“नाही.”

बुवांनी वहाणा काढल्या. अनवाणी रस्त्यावर गेले आणि त्याच्या पुढच्या चाकासमोर उभे राहिले. डांबर पाघळलेलं होतं.

“ढाल पायाशी ठेवणार होतास ना? पाय इथं आहेत. तू कुठं चाललास?”

“बाजूला व्हा, बुवा. भाजेल.”

बुवांनी पाय बदलला. पुन्हा बदलला. सत्तरीचा माणूस. मला बघवेना, आणि त्या हट्टी पोराला एक ठेवून द्यावीशी वाटली. मागून चार-पाच सायकली आल्या आणि निघून गेल्या.

प्रफुल्ल त्या पायांकडे बघत राहिला. मग त्याने सायकल टाकली आणि खाली बसला. बसला कसला, कोसळलाच.

आम्ही दोघांनी त्याला ओढत कडुलिंबाखाली नेलं. अंगावर घागर ओतली, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, वारा घालत राहिलो. बऱ्याच वेळाने तो उठून बसला आणि त्याने ओंजळ धरली.

“औंदाही गेली ढाल,” तो म्हणाला आणि रडायला लागला.

“पी आधी.”

तो प्याला. मग त्याची नजर बुवांच्या तळव्यांवर गेली. टरारून फोड आले होते. मी ओलं फडकं गुंडाळत होतो आणि बुवा दात आवळून कण्हत होते.

“बुवा... तुम्हालाही ऊन लागतं?”

बुवा वैतागले.

“लागतं रे गधड्या. म्हणून तर पाणपोई घातली.”