चिमाबाची पंचविसावी वाटी

शके १७४६, तारणनाम संवत्सर, चैत्र वद्य पक्ष. वसंत ऋतू पंचांगात होता, रानात मात्र नव्हता, कारण मागचा पावसाळा कोरडा गेला होता. ही हकीकत वैशाखात सुरू झाली असे काही जण सांगतात, ते चूक आहे. ती घडली वैशाखात, सुरू झाली चैत्रात.

कोरजा नदी भोरकड्याच्या पोटातून निघते. कड्यावर ती मनगटाएवढी असते. उतरताना तिला दोन ओहोळ मिळतात आणि आंबोरे गावापाशी ती सपाटीवर येते. तेथे दगडी बंधारा आहे. त्यातून निघालेला पाट आधी आंबोऱ्याचा ऊस भिजवतो आणि दीड कोस चालून शेवडी गावाच्या कुंडात संपतो. शेवडीला दुसरे पाणी नाही. माणसे तेच पितात, गुरेही तेच पितात.

फार वर्षांपूर्वी हे पाणी चिमाबा पाटकरी पाळीने सोडत असे. बंधाऱ्याशी एक दगडी डोणी होती. तीत तो तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवी. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. बारा वाट्या आंबोऱ्याच्या, बारा शेवडीच्या. बारावी बुडताच चिमाबा हाळी देई, "बुडाली होऽ!" आणि पाटाची फळी फिरवी. तरंगत्या वाटीला कोणीही हात लावायचा नाही, हा नेम त्याचाच. दोन्ही गावांनी त्यावर बेलभंडार उचलला होता. चिमाबाची सावली पाण्यावर पडत नसे, असे म्हणतात.

त्या चैत्रात आंबोऱ्याचे राणोजी पाटील त्याच्याकडे आले.

"चिमाबा, छिद्राला थोडं मेण लाव. वाटी जरा सावकाश बुडू दे. ऊस जळतोय माझा."

"आणि शेवडीची माणसं?"

"ती तरी कधी वेळेवर उठतात?"

"पाटील, उठवायला पाणी पोचावं लागतं," चिमाबा म्हणाला आणि त्यांच्याकडे पाठ करून बसला.

वैशाख लागला. झऱ्याच्या तोंडाचा पाचोळा काढायला चिमाबा दरवर्षीप्रमाणे तीन दिवस कड्यावर गेला. तेवढ्यापुरती वाटी पाटलांच्या हवाली करायची, असा रिवाज होता. पाटलांनी छिद्र मेणाने पुरते बुजवले आणि आंबोऱ्याच्या पाळीत बाराव्या घटकेला वाटी डोणीत सोडली. ती बुडेना. एक दिवस गेला, दुसरा गेला. शेवडीची माणसे भांडायला आली, तेव्हा पाटील शांतपणे म्हणाले, "वाटी तरंगते आहे. मग आमची पाळी संपली कशी? लावता का हात?"

हात कोणीच लावला नाही. शपथ होती.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी चिमाबा कड्यावरून उतरला. शेवडीच्या कुंडाची राखण करणारी भागाई वाटेतच उभी होती. तिने त्याच्यापुढे रिकामी घागर उपडी केली. आतून वाळू पडली.

"आबा, तीन वासरं गेली. उद्या लेकरं जातील. आमची पाळी यायची तरी कधी?"

चिमाबा डोणीपाशी आला. वाटी तरंगत होती. त्याने पाहताक्षणी ओळखले. पण नेम त्याचाच होता.

"हात मीही लावणार नाही," तो म्हणाला. "पण घटका भरली आहे. वाटी बुडत नसेल, तर कोणीतरी बुडायलाच हवं."

तो पाटात उतरला आणि उभा राहिला. पाटात पाणी गुडघाभर होते; सकाळीच तेथे म्हशी उभ्या होत्या. पाहता पाहता ते त्याच्या कमरेला लागले, मग छातीला. पाणी चढत नव्हते, काठ कोरडेच होते. चिमाबा हलत नव्हता, हातही मारत नव्हता. वाटीकडे पाहत तो सावकाश, सारख्या गतीने खाली जात होता. बरोबर एका घटकेत त्याचे पांढरे पागोटे दिसेनासे झाले. पाण्यावर तरंग उठला नाही. त्याच क्षणी डोणीतली वाटी मेणासकट बुडाली आणि पाटाच्या तळातून हाळी आली, "बुडाली होऽ!" फळी आपोआप फिरली, असे म्हणतात.

गुडघाभर पाण्यात माणसांनी दिवसभर हात घालून शोधले. हाती फक्त चिखल लागला.

त्यानंतर आंबोऱ्याची पाळी आली की वाटी दगडासारखी तत्काळ बुडे, आणि फळी फिरे. शेवडीच्या पाळीला ती नेमकी घटकाभर तरंगे. महिनाभरात पाटलांचा ऊस उभा वाळला. अखेर ते अनवाणी शेवडीला गेले आणि मेणाची गोळी त्यांनी भागाईच्या पायापाशी ठेवली.

"बाई, तुम्ही सांगाल ते."

"पहिलं पाणी शेवटच्याला," भागाई म्हणाली. "आणि चोवीस वाट्यांनंतर एक वाटी आबांची. ते पाणी कोणीच घ्यायचं नाही."

आजही पाटाची पहिली पाळी शेवडीची असते. पंचविसाव्या वाटीला दोन्ही गावांचे पाणी फळीने अडवून परत नदीत सोडतात. तेवढी घटका पाटात कोणी पाय घालत नाही, गुरेही काठावर थबकतात. त्या वेळी काठी घातली तर तळ लागत नाही, असे म्हणतात. काठी घालून पाहिलेले मात्र कोणी भेटत नाही.

हा निवाडा झाला, तो दिवस ज्येष्ठ शुद्ध दशमीचा.