ताटातली भाकरी आणि पोटातलं दूध

एका वृद्ध गुरुजींच्या आश्रमात एकदा एक शिष्य होता. यमकं जुळवण्यात आणि चित्रं काढण्यात मोठा निपुण. गावातली मुलं जेवायला बसली की रडतात, हे ऐकून त्याने त्यांच्यासाठी बोलणाऱ्या अन्नाचं चित्रपुस्तक केलं. भाज्यांना डोळे, भाकरीला हसरं तोंड, आणि खाली ओळी:

भाकरी म्हणाली, मी गोल गोल,
दोडका म्हणाला, माझ्याशी बोल!
वांगं म्हणालं, मी आहे राजा,
मिरची म्हणाली, मुकुट तर माझा!

मुलं हसून हसून लोळली. शिष्य कृतार्थ झाला.

दोन दिवसांनी एक तरुण आई धापा टाकत आली. "अहो दादा, पुस्तक झकास आहे हो तुमचं. पण माझी गोदा कालपासून नुसत्या दुधावर आहे. भाकरी मोडली की किंचाळते, 'आई, तिला लागलं!' दोडका तर कुशीत घेऊन झोपली. दूध तेवढं पिते, ते पुस्तकात बोलत नाही ना! पोरीचं तोंड एवढंसं झालंय हो, काहीतरी करा."

शिष्य तसाच तिच्या घरी गेला. म्हणाला, "बाळ, भाकरी बोलत नसते. ते सगळं खोटं आहे."

"मग तू खोटारडा आहेस?" गोदाने विचारलं, आणि ताट आणखी दूर सारलं.

शिष्य खिन्न होऊन परतला. घडलेलं सगळं सांगून म्हणाला, "गुरुजी, हे पुस्तक मी चुलीत घालतो."

"घाल. पण आधी मला तिच्याकडे ने," गुरुजी म्हणाले.

गुरुजी गोदाशेजारी बसले. ताटाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. वाकून तिच्या पोटाला कान लावला आणि ओठांवर बोट ठेवलं. आई आणि शिष्य एकमेकांकडे पाहत राहिले.

"काय ऐकता, आजोबा?"

"हळू! आत सकाळचं दूध एकटंच बसलंय. विचारतंय, भाकरीताई अजून कशी आली नाही?"

तेवढ्यात पोटात मोठ्ठं गुडगुडलं. गोदाचे डोळे विस्फारले. "पण चावल्यावर तिला लागेल ना?"

"छे गं! गुदगुल्या होतात."

गोदाने भाकरी उचलून कानाशी धरली. "जातेस का गं?" थोडं थांबून ती ओरडली, "हो म्हणाली!" आणि तिने पहिला घास घेतला. आई हसत हसत पदराने डोळे पुसू लागली.

अंगणात आल्यावर शिष्याने विचारलं, "गुरुजी, तुम्हाला खरंच ऐकू आलं?"

"भूक ऐकू आली. बाकीचं तुझ्याच पुस्तकातलं. अरे, तू अन्नाला तोंड दिलंस, पण त्याला ताटातच बसवून ठेवलंस. पुढे त्याला कुठे जायचं असतं, ते लिहिलंच नाहीस. लेकराला बोट धरून गोष्टीत न्यावं आणि मग 'खोटं आहे' म्हणून बाहेर ढकलावं, हे बरं नव्हे. त्याच गोष्टीतून चालत त्याला घरी आणावं."

शिष्याने पुस्तक छातीशी धरलं. तेवढ्यात घरातून गोदाचा आवाज आला, "आई, अजून एक भाकरी वाढ! आत खेळायला गडी कमी पडतायत!"

मुलाची समजूत काढायची, तर आधी त्याच्या गोष्टीत जाऊन बसावं लागतं.