लुमाईची हाक

तिवरखारच्या खाडीच्या मुखाशी, दक्षिण अंगाला, एक बोडकी टेकडी समुद्रात पुढे घुसली आहे. तिला लुमाईची टेकडी म्हणतात. नाव ऐकून परगावच्या माणसाला वाटते, वर देवी असणार. मंडळी नारळ आणि ओटीचे सामान घेऊन घाम पुसत वर जातात नि तशीच खाली येतात. वर देऊळ नाही, घुमटी नाही, शेंदूर फासलेला दगडसुद्धा नाही. नुसता वारा. मग धक्क्यावर सुकट विकणारी वाळकूआजी त्यांना हाक मारून बसवून घेते.

"देवी नाय ती," ती म्हणते. "ती हाक हाय."

आणि मंडळींनी आणलेला नारळ फोडून सगळ्यांना खोबरे वाटता वाटता ती सांगू लागते.

फिरंग्यांची गलबते या किनाऱ्याला नवी होती तेव्हाची ही गोष्ट, असे सांगतात. गावात आवडी नावाची कोळीण राहत होती. तिचा नवरा मासेमारीला गेला तो परत आला नाही. समुद्राने प्रेतही दिले नाही, म्हणून तिने कुंकू पुसले नव्हते. गाव तिला विधवा म्हणत नव्हते आणि सवाष्णही म्हणत नव्हते. हळदीकुंकवाला बोलावणे येत नसे, आणि दुखवट्याला कुणी बसायला येत नसे. टेकडीच्या पायथ्याशी तिची झोपडी होती. मासळी वाळवायची, जाळी विणायची आणि दार लावून घ्यायचे, असे तिचे दिवस चालले होते. भाऊ जोमा तांडेल शेजारच्या आळीत राहत होता, पण त्याच्या घरातही ती उंबऱ्याशीच बसून परत येई.

एकदा गोड्या पाण्यासाठी एक फिरंगी गलबत खाडीबाहेर नांगर टाकून राहिले. ते निघून गेले त्या सकाळी आवडीला वाळूवर एक माणूस पडलेला दिसला. अंगात सणसणून ताप होता. मरणारच म्हणून फिरंग्यांनी त्याला टाकून दिले असावे. पण तो फिरंगी नव्हता. सिद्दी नव्हता, अरबही नव्हता. तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा त्याचा रंग होता, आणि छातीभर निळ्या लाटांचे गोंदण. बंदरावर सात पाण्यांचे व्यापारी येत, त्यांतल्या प्रत्येकाने आपली भाषा त्याच्यापुढे बोलून पाहिली. एकही त्याला कळली नाही. कुठल्याशा दूरच्या बेटावरून त्याला धरून आणले होते एवढेच हळूहळू लोकांच्या ध्यानात आले, तेही त्याच्या मनगटांवरचे दोरीचे वळ पाहून.

आवडीने त्याला पेज पाजली. तो जगला. गावाने त्याला नाव दिले पावणा.

पावणा कामाला लागला. काथ्याची अशी गाठ मारी की तुफानात सुटू नये. होडीच्या तळाशी पाठ टेकून डोळे मिटून पडे आणि अंगाखालच्या लाटांवरून जमीन कुठल्या बाजूला आहे ते बोटाने दाखवी, म्हणे. आधी लोक बिचकले, मग त्याला होडीत घेण्यासाठी भांडू लागले. तो चार शब्द बोलायला शिकला. पोरांना हसवायचा. पण दिवस कलला की हातातले काम ठेवून एकटाच टेकडी चढायचा आणि समुद्राकडे तोंड करून ओरडायचा, "लुमाईऽऽ."

कुणी म्हणाले, ही त्याची बायको. कुणी म्हणाले, देवी असेल. आवडीने एकदा विचारले, "लुमाई कोण रं?" त्याने समुद्राकडे बोट दाखवले, मग पायाखालच्या मातीकडे, मग स्वतःच्या छातीकडे. तिला काही उमगले नाही. त्यालाही ते कळले. त्याने हात खाली सोडले.

तेव्हापासून ती त्याच्याबरोबर वर जाऊन बसू लागली. तिला त्याचा हेवा वाटे. त्याच्याकडे हाकारायला एक नाव तरी होते. तिचे माणूस त्याच पाण्यात गेले होते, पण नवऱ्याचे नाव बाईने घ्यायचे नसते; ते तिने एकदाही मोठ्याने उच्चारले नव्हते. एका संध्याकाळी त्याने हाक दिली आणि ती संपायच्या आत आवडीच्या तोंडूनही तीच बाहेर पडली. तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. पावण्याने वळून पाहिले. मग रोज दोघेही हाक देऊ लागले.

पावसाळा सरल्यावर फिरंगी गलबत पुन्हा आले. तेच की दुसरे, कोण जाणे. खलाशांनी कठड्यावरून लाल कापड फडकवले, उन्हात आरसे चमकवले आणि हाताने या या करून बोलावले. जोमा तांडेल आणि गावातले तरणे गडी मासळी घेऊन हौसेने गेले. पावणा जाळ्यापाशी बसला होता. त्याने ते आरसे पाहिले आणि ताडकन उठला.

"लाल कापड," तो आवडीला म्हणाला. "आरसा. मग दोरी." आणि आपली मनगटे तिच्यापुढे धरली.

होडी ढकलून तो आत चढला. आवडीने दुसरे वल्हे धरले. त्याने तिला उतर म्हणून खुणावले, पण ती म्हणाली, "माझा भाव हाय तिथं. मार वल्हं."

गलबताशी पोचले तेव्हा गडी वर आरशात तोंडे बघत हसत होते, आणि त्यांच्या मागे खलाशी दोरखंड घेऊन सरकत होते. पावणा दोराच्या शिडीने वर चढला. त्याला फिरंग्यांची भाषा येत नव्हती, आणि गड्यांना सावध करायला त्याचे चार शब्द पुरणारे नव्हते. त्याने छाती भरून घेतली आणि ओरडला, "लुमाईऽऽ."

रोज टेकडीवरून ऐकलेली हाक होती ती. गडी दचकून वळले आणि त्यांना किनारा दिसला, मागचे दोरही दिसले. जोमाने उडी टाकली, मागोमाग बाकीच्यांनी. पावणा खलाशांच्या आडवा उभा राहिला. एकेक गडी पोहत आला, आवडीने हात देऊन होडीवर घेतला. सगळे सुटले. तेवढ्यात चौघांनी पावण्याला धरले.

आवडी होडीत उभी राहिली आणि जीव खाऊन ओरडली, "लुमाईऽऽ."

त्याने मान हलवली, म्हणतात. येतो म्हणून की येणार नाही म्हणून, ते तिला मरेपर्यंत सांगता आले नाही. शिडे चढली. गलबत वळले.

त्या हाकेचा अर्थ मात्र तिला त्या घडीला, त्याला परत बोलावताना, कळला. लुमाई हे कुणाचे नाव नव्हते. 'घरी फिर' असे ते म्हणणे होते. त्याच्या बेटावर किनाऱ्यावरच्या बायका होडीतल्या माणसांना तशी हाक देत असणार. इथे त्याला बोलावणारे कुणी नव्हते, म्हणून तो रोज टेकडीवर उभा राहून त्यांच्या वाटची हाक स्वतःच स्वतःला देत होता. आणि आपण रोज त्याच्या शेजारी बसत होतो, तरी हे कळायला एवढा वेळ लागला, या विचाराने ती वल्हे टाकून रडली.

त्या संध्याकाळी आवडी एकटी टेकडीवर गेली. दोनदा हाक दिली, एक नवऱ्यासाठी, एक पावण्यासाठी. मग म्हातारी होऊन पाय थकेपर्यंत तिने एकही दिवस चुकवला नाही. दोघांपैकी कुणी आले नाही. कुणी म्हणतात, ते गलबत पुढे वादळात फुटले. कुणी म्हणतात, पावणा आपल्या बेटाला लागला. वाळकूआजीला विचारले तर ती म्हणते, "मना नाय ठाव. आवडीलाबी नवता."

आजही तिवरखारात ज्या बाईचे माणूस पाण्यात असते ती दिवस कलताना टेकडीवर जाते. नवऱ्याचे नाव घ्यावे लागत नाही, एका शब्दात भागते. आता होड्यांना यंत्रे आहेत, खिशात फोन आहेत, कोण कुठे आहे ते घरबसल्या कळते. तरी शेवटची होडी धक्क्याला लागली, सगळी माणसे मोजून झाली, की बायका खाली उतरण्याआधी आणखी एकदा हाक देतात. ती गावातल्या कुणासाठी नसते. हाक दिल्यावर त्या एकदा समुद्राकडे बघतात, आणि मग घरी जातात.