न वाढणारा प्रेमदेव

फार पूर्वी, देव अजून मनुष्यांच्या पंक्तीला उघडपणे बसत आणि पर्वत नद्यांशी बोलत, त्या युगातली ही गोष्ट आहे. पश्चिम समुद्रात, यवनांच्या देशी, सायप्रस नावाचे एक बेट आहे. त्या बेटाच्या किनाऱ्यावर लाटांच्या फेसातून सौंदर्याची आणि प्रेमाची देवता अफ्रोदिती प्रकट झाली. तिच्या ओल्या पावलांखाली वाळूतून गवत उगवले, आणि तिला पाहायला वारा जागच्या जागी थांबला. पुढे तिथेच तिचा शुभ्र प्रासाद उभा राहिला. प्रासादाभोवती सुगंधी मिर्तल वृक्षांचे वन होते, आणि त्या वनाच्या देवतेचे नाव मिर्तो.

आपल्याकडच्या मदनाच्या हाती उसाचे धनुष्य आणि फुलांचे बाण असतात. अफ्रोदितीचा पुत्र एरॉस, त्याच्या हाती शिंगाचे धनुष्य आणि सोन्याच्या टोकाचे बाण होते. मदनाला शरीर नाही. एरॉसला शरीर होते, पंखही होते, पण ते शरीर वाढत नव्हते.

हे सर्वांत आधी मिर्तोला कळले, कारण ती त्याची दाई होती आणि त्याचे अंगरखे तीच विणत असे. दर वसंतात ती मागच्यापेक्षा बोटभर मोठा अंगरखा मागावर लावी, सणाच्या दिवशी हौसेने त्याला घालून बघी, आणि बाह्या हातांखाली लोंबताना पाहून मुकाट्याने घडी करून देवदाराच्या पेटीत ठेवी. कितीतरी वसंत असे गेले. एकदा तिने पेटीतला अंगरखा हाती धरला, तर तो पूर्ण वाढलेल्या तरुणाला बेतशीर झाला असता. आणि एरॉस मात्र तिच्या गुडघ्याशी उभा राहून म्हणत होता, "दाई, अंजीर सोलून दे. साल जिभेला चावते."

ती सोलून देई. प्रासादातला दंडकच तसा होता. अफ्रोदितीने बाळाच्या पाचवीलाच आज्ञा केली होती, "माझ्या पुत्राला कोणी नाही म्हणायचे नाही, आणि त्याच्यापुढे कोणी हात पसरायचा नाही. सगळ्यांनी मला दिले आहे. त्यालाही सगळे देतील." त्यामुळे इतक्या वर्षांत त्याच्याकडे कोणी काही मागितले नव्हते. साधी पाण्याची झारी आणून दे, असेसुद्धा नाही.

द्राक्षे पिकायला लागली तेव्हा देवांचा दूत हर्मीस आला. त्याच्या पादत्राणांनाही पंख होते आणि जिभेलाही. एरवी तो दारातूनच थट्टा सुरू करी. त्या दिवशी त्याने पंखांची टोपी काढून हातात घेतली.

"देवी, आज हसू विसरून आलो आहे," तो म्हणाला. "आपल्या गावातली कुंभाराची मुलगी फाइनो आठवते?"

"मर्त्य लोकांची नावे मी लक्षात ठेवत नाही," अफ्रोदिती म्हणाली.

"एरॉसला आठवायला हवी. तो उन्हातून तिच्या दारी गेला. तिने पाय धुवायला पाणी दिले, मध घातलेली भाकरी दिली, आणि निघताना अतिथीचे हाड मोडून अर्धे त्याच्या हाती ठेवले."

ही यवनदेशीची रीत होती. पाहुणा निघाला की यजमान मेंढीच्या घोट्याचे हाड दोन तुकडे करी. अर्धे पाहुण्याकडे, अर्धे आपल्याकडे. पुढे नातवंडे जरी भेटली, तरी दोन तुकडे जुळवून ओळख पटत असे. असली अखंड हाडे घेऊन तिकडची मुले आपल्या सागरगोट्यांसारखी खेळत, आणि एरॉसच्या कमरेच्या पिशवीत ती कायम खुळखुळत.

"मग आपल्या चिरंजीवांनी काय केले?" हर्मीस पुढे म्हणाला. "दारातून बाहेर पडताना तिलाच बाण मारला. समोरून एक नावाडी चालला होता, तिचे मन त्याच्यावर जडले. त्याला मात्र बाण मारायचा राहून गेला. नाव निघून गेली. ती किनाऱ्यावर उभी राहिली ती राहिलीच. ना अन्न, ना पाणी. परवा तिच्या बापाने जाऊन पाहिले, तर तिथे मुलगी नव्हती. खडक होता."

कोपऱ्यात मागावर विणत बसलेल्या मिर्तोच्या हातातला धोटा गळून पडला. एरॉस पायरीवर बसून हाडे उडवत होता. "मला फुलपाखरू दिसले, म्हणून दुसरा बाण मारला नाही," तो सहज म्हणाला.

हर्मीस त्याच्याकडे वळला. मग स्वर बदलून, जणू त्याच्या तोंडून दुसरेच कोणी बोलत असावे, तसा तो म्हणाला, "अतिथींचा रक्षक, मेघांचा अधिपती झ्यूस याची ही आज्ञा. ज्या घरी अन्न खाल्ले त्या घराचा ज्याने घात केला, त्याचे धनुष्य मोडले जाईल. द्राक्षांच्या पहिल्या घाण्यातून रस वाहील त्या दिवशी मी त्याला न्यायला येईन. तोवर तो शहाणा झाला, तर झ्यूस पुन्हा विचार करील."

अफ्रोदितीने एरॉसला जवळ ओढले. ते धनुष्य एरॉसच्या जन्माबरोबरच आले होते. ते मोडले की एरॉसही दीप मालवावा तसा मालवणार, हे तिला ठाऊक होते. मिर्तोलाही होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पांढऱ्या कबुतरांचा रथ निघाला. रथात अफ्रोदिती, तिच्या मांडीवर पेंगणारा एरॉस, आणि मागे मिर्तो. समुद्र ओलांडून ते देल्फीच्या कड्यांपाशी उतरले. धर्माची आणि न्यायाची प्राचीन देवता थेमिस हिचा आश्रम तिथे होता. दोन्ही बाजूंना गगनाला भिडलेले तांबूस कडे, मधून वाहणारा बर्फासारखा थंड झरा, गरुडांच्या सावल्या, आणि दगडाच्या भेगेतून धूपासारखी वर चढणारी पृथ्वीच्या निःश्वासाची वाफ. तिथे पाऊल ठेवताच कबुतरांनी घुमणे थांबवले. पांढऱ्या केसांची थेमिस एका शिळेवर बसली होती. तिच्यापुढे तराजू होता, आणि वारा सुटलेला असूनही त्याची दोन्ही पारडी निश्चल होती.

तिने काही विचारले नाही. एरॉसच्या भात्यातून एक बाण काढून तिने एका पारड्यात ठेवला. पारडे धरणीला टेकले. अफ्रोदितीने आपला रत्नहार दुसऱ्या पारड्यात टाकला. मग कंकणे, मग मुकुट. पारडे हलले नाही. थेमिसने मूठभर माती टाकली, तरी नाही. इतक्या सुंदर, इतक्या हलक्या बाणाचे ते वजन पाहून मिर्तोला फाइनो आठवली. गावातल्या कुंभाराच्या मुलीने हे पेलले होते.

"अफ्रोदिती," थेमिस म्हणाली, आणि कड्यांनी ते नाव पुन्हा उच्चारले, "तू सौंदर्याची स्वामिनी. जो हात तुझ्याकडे येतो तो काहीतरी घेऊनच येतो. तुझ्या पुत्राने जन्मापासून केवळ घेतले. त्याच्याकडे कोणी मागितले नाही, कारण तुझ्या घरी मागणे हाच अपराध. जे केवळ घेते ते जगते, पण वाढत नाही. याला धाकटा भाऊ हवा."

अफ्रोदितीने सुटकेचा श्वास सोडला. "एवढेच ना, माते?"

"एवढेच नव्हे. भाऊ तू जन्माला घालशील. भाऊपण याने द्यायचे आहे. ते तुझ्या हाती नाही, माझ्या हाती नाही, आणि मघापासून श्वास रोखून उभ्या असलेल्या या दाईच्या हातीही नाही."



देवांना गर्भाचे दिवस मनुष्यांइतके लागत नाहीत. युद्धदेव आरीसपासून अफ्रोदितीला दुसरा पुत्र झाला. त्याचे नाव अँतेरॉस, म्हणजे उलट येणारे प्रेम. त्याचे केस काळेभोर होते आणि डोळे इतके शांत, की त्यात पाहणाऱ्याला आपलाच चेहरा दिसे. हसून पाहिले तर तो हसे. कपाळाला आठ्या घातल्या तर त्याच्याही कपाळी आठ्या. द्राक्षे जांभळी होईतो तो रांगला, चालला, आणि पेटीतले सगळ्यांत जुने अंगरखे मिर्तोने त्याच्यासाठी बाहेर काढले. मग एके सकाळी तो एरॉसच्या उंचीला आला, आणि तिथेच थांबला.

मिर्तोने दोघांना पाठीला पाठ लावून उभे केले. केसाचाही फरक नव्हता. एरॉस आजही तेवढाच होता.

"आता दोघेही असेच राहणार," ती पुटपुटली. खालच्या मळ्यातून द्राक्षे तुडवणाऱ्यांची गाणी ऐकू येत होती.

त्याच दुपारी पहिल्या घाण्यातून रस वाहिला. हर्मीस आला तो आत न येता उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. अफ्रोदिती आपल्या कक्षाचे दार लावून बसली होती, कारण देवांनाही काही गोष्टी पाहवत नाहीत. अंगणात दोघे भाऊ हाडे खेळत होते.

"पुन्हा मी जिंकलो," एरॉस म्हणाला आणि अँतेरॉसपुढचे शेवटचे हाड ओढले.

"तू उलटे पडलेले हाड बोटाने फिरवलेस," अँतेरॉस म्हणाला.

"फिरवले. मग? रडणार का?"

"तू रडत नाहीस, मग मी कशाला?"

एरॉसला याचा राग आला. आजवर ज्याला चिडवले तो एकतर चिडला होता नाहीतर शरण आला होता. त्याने धनुष्य उचलले. मिर्तो ओरडण्याआधी बाण सुटला. अँतेरॉसने हात वर केला आणि झेल घ्यावा तसा बाण पकडला. ज्याचा स्वभावच परत देण्याचा, तो दुसरे काय करणार? तो उठला, भावाजवळ गेला आणि बाण त्याच्या हातात ठेवला. ठेवताना सोन्याचे टोक एरॉसच्या तळव्याला लागले.

टिपूसभरच रक्त आले. पण एरॉस जागच्या जागी खाली बसला. जगातली सगळी हृदये ज्याने विंधली, त्याला स्वतःचा बाण कसा लागतो हे आजपर्यंत ठाऊक नव्हते. त्याने भावाकडे पाहिले, आणि हा उठून गेला तर, या नुसत्या विचाराने त्याने भावाच्या अंगरख्याचा काठ घट्ट धरला.

"दाई," तो म्हणाला, "हे कशाने थांबते?"

"मला ठाऊक नाही, बाळा."

"फाइनोलाही असेच झाले होते?"

मिर्तो त्याच्यासमोर येऊन बसली. मग इतक्या वर्षांत जे कोणी केले नव्हते ते तिने केले. आज्ञा मोडून तिने त्या बालदेवापुढे हात पसरला. "फाइनोने तुला जे दिले होते, ते मला दे."

हर्मीसने उंबऱ्यापलीकडून मान वळवून पाहिले. एरॉसने गोंधळून पिशवी चाचपली. खेळण्यांच्या तळाशी ते अर्धे हाड होते. त्याने ते दाईच्या तळहातावर ठेवले. आयुष्यात त्याने कोणाला दिलेली ती पहिली वस्तू.

"तिने मला हे का दिले होते?"

"तू पुन्हा यावास म्हणून."

एरॉसने त्या तुकड्याच्या मोडक्या कडेवरून बोट फिरवले. मग त्याने पिशवीतले आपले सर्वांत लाडके हाड काढले, लाल रंगवलेले, कधीही न हरलेले. पायरीवर दगडाने ते फोडले आणि एक तुकडा भावापुढे धरला. अँतेरॉसने तो घेतला, आणि तोच शांत चेहरा प्रथमच आपणहून हसला.

तेव्हा प्रासादातल्या वीणा कोणी न छेडता वाजू लागल्या. एरॉसचे खांदे रुंदावले, अंगरख्याची शिवण उसवली. मिर्तो धावत पेटीकडे गेली. तिने हाती लागला तो अंगरखा आणला, तोवर तो आखूड झाला होता. दुसरा आणला, तोही. वसंतामागून वसंत विणलेले सगळे धागे तिच्या हातून निसटत होते आणि तो त्यातून उंच होत चालला होता, उगवता चंद्र डोंगरामागून वर यावा तसा. पंखांची पिसे लांबली, त्यांच्या वाऱ्याने वनातली सगळी फुले एकदम उमलली, आणि खाली मळ्यात गाणी थांबली, कारण तुडवणारे लोक नकळत गुडघ्यावर बसले होते. हर्मीसनेही मस्तक लवविले. सगळ्यांत मोठा अंगरखा, जो वेडी आशा धरून विणला होता, तो मिर्तोने दोन्ही हातांनी वर धरला. तो बेतशीर बसला. आणि शेजारी अँतेरॉसही तेवढाच उंच उभा होता.

"झ्यूसला काय सांगू?" हर्मीसने विचारले.

"मी स्वतः येतो," एरॉस म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "आधी मला एका खडकापाशी जायचे आहे."

दोघे भाऊ किनाऱ्यावर गेले. फाइनोच्या खडकाला मुठीएवढी भेग होती आणि तिच्या तळाशी हाडाचा दुसरा तुकडा चिकटलेला होता. निघताना दाईने परत दिलेला तुकडा एरॉसने त्याला जुळवला. खडकाची पुन्हा मुलगी झाली नाही. घडलेले पुसणे देवांनाही येत नाही. पण त्या भेगेतून गोड पाण्याचा झरा फुटला, आणि एरॉस तिथे सूर्य मावळेपर्यंत डोके टेकून राहिला. हे पाहूनच झ्यूसने धनुष्य मोडण्याची आज्ञा मागे घेतली.

मात्र थेमिसने एरॉसच्या तारुण्याला एक अट जोडली. "अँतेरॉस जवळ असेल तोवर एरॉस तरुण राहील. तो दुरावला की एरॉस पुन्हा बालक होईल, आंधळा आणि हट्टी." म्हणून त्या देशी काही मंदिरांत प्रेमदेव तरुण दिसतो आणि काही मंदिरांत खोडकर पोर. मूर्तिकार चुकलेले नाहीत. ज्याने जसा पाहिला, तसा घडवला.

मिर्तोची पेटी तेव्हापासून बंद झाली नाही. तो कोणत्या रूपात घरी येईल याचा नेम नाही, म्हणून ती एक लहान आणि एक मोठा असे दोन अंगरखे दाराच्या खुंटीवर टांगून ठेवते. पण तो कोणता देव आला, हे तिला अंगरख्याआधीच कळते. बालक आला तर दारातूनच अंजीर मागतो. आणि तरुण आला, तर पहिल्या दिवशी किनाऱ्यावरून परतल्यावर त्याने जे विचारले होते, तेच उंबऱ्यात थांबून विचारतो,

"दाई, तू जेवलीस का?"